नव्वदीतली लिथुएनियन नाचगाणी कशी शोधायची: कॅसेटच्या पाठीपासून सुरुवात

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या व्हीएचएस टेपवरून उतरवलेला चाळीसएक सेकंदांचा तुकडा हाती आला आहे. एक लिथुएनियन गायिका गाते आहे, मागे कीबोर्ड आणि ड्रम मशीन, पडद्याच्या कोपऱ्यात ‘तेले-3’ हे चिन्ह. ‘नाक्तिस’ आणि ‘सापनास’ हे दोनच शब्द कानाला लागतात. शॅझमला गाणं ओळखता येत नाही, स्ट्रीमिंगवर काही मिळत नाही, भाषा येत नाही. हे गाणं आणि अशी आणखी गाणी कुठे शोधायची?

तुम्ही समजताय तेवढे रिकाम्या हाताने उभे नाही आहात. तेले-3 ही खासगी वाहिनी 1993 मध्ये सुरू झाली आणि पुढे तिचंच नाव टीव्ही3 झालं. म्हणजे जुनं चिन्ह दिसतंय एवढ्यावरून काळ तीन-चार वर्षांच्या टप्प्यात आला. कोपऱ्यात एलएनके असतं तर तुकडा 1995 किंवा त्यानंतरचा ठरला असता, कारण ती वाहिनीच तेव्हा आली. पडद्याचा कोपरा कापून अपलोड करणाऱ्यांचा मला फार राग येतो तो यासाठीच. लोकांना तो कचरा वाटतो, आपल्याला तो तारखेचा शिक्का असतो.

आणि ते दोन शब्द तुम्हाला का लागले? कारण ते आपलेच आहेत. नाक्तिस म्हणजे रात्र, संस्कृतातलं नक्त. सापनास म्हणजे स्वप्न. आपल्या आजीचं ‘सपान’ त्याच्या आणखी जवळ. लिथुएनियन भाषेने जुनी रूपं इतकी जपून ठेवली आहेत की मराठी कानाला ही पॉप गाणी ऐकताना मध्येच कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं होतं. दिएना म्हणजे दिवस, उग्निस म्हणजे अग्नी, वेयास म्हणजे वारा, कादा म्हणजे कधी, तादा म्हणजे तेव्हा. प्रेमगीतांचा निम्मा शब्दसाठा इथेच आला. फक्त ‘मेइले’ म्हणजे प्रेम, हे वेगळं पाठ करावं लागतं. हा नुसता गमतीचा भाग नाही. धृपदातले तीन-चार शब्द कानाने टिपता आले तर ते शोधपेटीत टाकता येतात, आणि या कामात तेवढ्यावर पुष्कळ निभावतं.

माझी ओळख एवढीच: ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात चोवीस वर्षं, त्यातली तीन लिथुएनियाच्या राजधानीत, व्हिल्नियसमध्ये, आणि तेव्हापासून बाल्टिक देशांच्या कॅसेटा जमवणं आणि उतरवून ठेवणं हा नाद. घरात सध्या सहाशेच्या आसपास कॅसेटा आहेत आणि त्यावरून होणारी बोलणीही आहेत.

आता मूळ गोष्ट. ही गाणी गायकाच्या नावाने शोधायला गेलात तर पाच-सहा मोठी नावं मिळतील आणि वाट संपेल. या संगीतात माग काढायचा तो अरेंजरचा, म्हणजे चालीला वाद्यांचा साज चढवणाऱ्याचा. कॅसेटच्या आतल्या कागदावर, शेवटच्या घडीत, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेला माणूस. का, ते कळायला त्या काळाची आर्थिक बाजू थोडी बघावी लागेल.

लिथुएनियाने 11 मार्च 1990 रोजी स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केलं. त्याच्या सव्वादोन महिने आधी, 31 डिसेंबर 1989 ला, एम-1 हे खासगी रेडिओ केंद्र सुरू झालं होतं. म्हणजे गाणी वाजवायला जागा आधी तयार झाली, देश नंतर. एप्रिल 1990 मध्ये मॉस्कोने आर्थिक नाकेबंदी केली. 13 जानेवारी 1991 च्या रात्री सोव्हिएत सैन्याने व्हिल्नियसचा टीव्ही मनोरा आणि रेडिओ-टीव्हीची इमारत ताब्यात घेतली; चौदा माणसं गेली. प्रक्षेपण काउनास शहरातल्या स्टुडिओतून चालू राहिलं, आणि व्हिल्नियसची इमारत ऑगस्टमधलं मॉस्कोतलं बंड फसेपर्यंत परत मिळाली नाही. पुढे 1992 मध्ये महागाई हजार टक्क्यांच्या वर गेली. रुबल जाऊन तालोनास नावाच्या तात्पुरत्या नोटा आल्या. त्यांना लोक पंतप्रधान व्हाग्नोरियुस यांच्या नावावरून चेष्टेने ‘व्हाग्नोर्के’ म्हणायचे, आणि त्यांच्यावर प्राण्यांची चित्रं होती. 25 जून 1993 ला लितास हे खरं चलन आलं.

अशा दिवसांत पॉप अल्बम कसा निघणार? सोव्हिएत काळात सगळं ‘मेलोदिया’ या सरकारी कंपनीकडे होतं. व्हिल्नियसमध्ये तिचा स्टुडिओ होता, पण बाल्टिक तबकड्या बहुतेक रीगात दाबल्या जात. देश वेगळे झाले तशी ही साखळी तुटली. तबकडी दाबायला आपला कारखाना नाही, सीडी परदेशातून करून आणायची तर पैसे नाहीत. राहिली कॅसेट. आणि ऑर्केस्ट्रा परवडत नाही म्हणून राहिला एक माणूस, एक कीबोर्ड आणि एक खोली. तोच माणूस दिवसा रेडिओच्या जाहिरातीची धून करी, संध्याकाळी लग्नाच्या गायिकेचे ट्रॅक बनवी आणि रात्री एखाद्या नाचगटाची कॅसेट. गायक बदलत, गटांची नावं हंगामाला बदलत, ड्रमचा आवाज मात्र तोच. एकदा त्या माणसाचं नाव मिळालं की एका कॅसेटच्या दहा होतात. मला निदान असंच मिळत गेलं आहे.

त्यात देश केवढासा? तेव्हाची लोकसंख्या सदतीस लाखांच्या आसपास. एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्यात आज याच्या दुपटीहून जास्त माणसं राहतात. एवढ्या श्रोत्यांसाठी निघालेल्या कॅसेटच्या प्रती किती निघणार, त्यातल्या वाचणार किती, आणि त्या स्ट्रीमिंगवर चढवण्याची तसदी कोण घेणार? शॅझमला तुमचं गाणं सापडलं नाही यात नवल नाही. ते त्याच्या कोठारात कुणी ठेवलेलंच नसणार. शिवाय व्हीएचएस आणि कॅसेट यांवरून उतरवलेलं गाणं थोडं जलद किंवा संथ झालेलं असतं, त्यामुळे असलेलं गाणंही कधीकधी ओळखलं जात नाही. एकदा वेग दोन-तीन टक्के खालीवर करून पुन्हा ऐकवून बघा. माझी दोन गाणी तशी सापडली आहेत.

तर कागद कसा वाचायचा. चार शब्द लक्षात ठेवा. ‘मुझिका’ म्हणजे चाल, ‘झोज्याइ’ म्हणजे शब्द, ‘आरांझुओते’ म्हणजे अरेंजमेंट, ‘गार्सो रेझिस्येरियुस’ म्हणजे ध्वनिमुद्रक, शब्दशः आवाजाचा दिग्दर्शक. पहिल्या दोनांची बहुतेक वेळा पहिली तीन अक्षरं आणि टिंब एवढंच छापलेलं असतं. शेवटचे दोन जिथे दिसतील तिथलं नाव वहीत उतरवा. गायकाचं नाव नंतर उतरवलंत तरी चालेल.

कागदावर वर्ष नसणं ही रोजची गोष्ट. मग पत्ता बघा. पिनकोड सहा आकडी आणि 23 ने सुरू होणारा असेल तर तो सोव्हिएत पद्धतीचा: 232 ने व्हिल्नियस, 233 ने काउनास. चार आकडी असेल तर स्वातंत्र्यानंतरचा. पाच आकडी असेल तर 2000 नंतरच्या दशकातला, म्हणजे बहुधा पुनर्मुद्रण. फोनचाही तसाच उपयोग होतो. नव्वदीत कंसातला विभाग-क्रमांक 22 म्हणजे व्हिल्नियस, 27 काउनास, 26 क्लाइपेदा, 21 श्याउलेइ. पुढे ते सगळे बदलले. बारकोड असला तर पहिले तीन आकडे बघा: 477 म्हणजे लिथुएनिया, 475 लाटव्हिया, 474 एस्टोनिया, 590 पोलंड. किमतीपुढे ‘एल-टी’, म्हणजे लितास, ही दोन अक्षरं असली तर माल जून 1993 नंतर विकला गेला हे नक्की. ‘लाटगा-आ’ हे लेखक-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचं नाव छापलेलं असेल तर कॅसेट अधिकृत असण्याची शक्यता बरीच वाढते.

ती शक्यता मोजावी लागते, कारण नकली माल अमाप होता. लिथुएनिया बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, डिसेंबर 1994 मध्ये सामील झाला आणि स्वतंत्र आधुनिक कॉपीराइट कायदा 1999 मध्ये आला. तोवर व्हिल्नियसच्या कडेला गार्यूनाइ नावाचा अवाढव्य उघडा बाजार होता, तिथे तुर्की जीन्स, पोलिश साबण आणि कॅसेटा एकाच फळीवर. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात रस्त्यारस्त्यावर कॅसेटा विकल्या जात ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. गंमत म्हणजे आज ती नकली संकलनंच माझ्या कामाची ठरतात. अधिकृत कंपनीने कधी न छापलेलं, रेडिओवरून उचललेलं एखादं गाणं त्यातच सापडतं. कागदावर मात्र नावं चुकीची असतात, कधी दुसऱ्याच गटाची. तेव्हा नकली कॅसेटचा आवाज खरा माना आणि तिचा कागद खोटा.

भाषेकडे परत येतो, कारण नव्वद टक्के लोक इथेच अडकतात. लिथुएनियन वर्णमालेत बत्तीस अक्षरं आहेत. रोमन अक्षरांवर आणि अक्षरांखाली टिंबं, शेपट्या, छोट्या टोप्या. व्हिडिओ चढवणारे आळसाने त्या सगळ्या गाळतात. त्यामुळे प्रत्येक नाव दोनदा शोधायचं: एकदा टोप्यांसकट, एकदा बोडकं. त्यावर विभक्ती. सात विभक्त्या आहेत आणि नावंही त्यातून सुटत नाहीत. आपण ‘घोडा’चं ‘घोड्याचा’ करतो तसं जोर्दाना बुत्कुते या गायिकेच्या गाण्यांचं शीर्षक ‘जोर्दानोस बुत्कुतेस’ असं येतं. मूळ रूपाने शोधलंत तर ते निसटू शकतं. परकी नावंही तिथे लिथुएनियन कपडे घालतात. मायकेल जॅक्सन छापील मजकुरात ‘माइक्लास जेक्सोनास’ होतो.

बायकांच्या आडनावांचं आणखी एक प्रकरण. पुरुषाचं आडनाव आस, इस किंवा उस ने संपतं. त्याच घरातल्या मुलीचं आइते, इते, उते असं, आणि लग्न झालेल्या बाईचं पारंपरिक रूप ‘इएने’ ने. म्हणजे बाप, आई आणि मुलगी यांची तीन आडनावं. आता एखादी गायिका पहिल्या कॅसेटवर एका नावाने आणि लग्नानंतरच्या सीडीवर दुसऱ्या नावाने असेल तर तुमच्या यादीत त्या दोन बायका होतात. काताझिना नेमित्स्को आणि काताझिना झ्वोन्कुविएने या एकच. संगीतकार-निर्माते देइविदास झ्वोन्कुस यांच्याशी लग्नानंतरचं ते नाव. आणि बघा, इथेही गायिकेच्या आडनावात अरेंजरचा पत्ता लपलेला आहे. उलट इरेना स्तारोशाइते यांनी गायक झिल्विनास झ्वागुलिस यांच्याशी लग्न केल्यावरही रंगमंचावरचं जुनं नाव ठेवलं. नियम नाही, सवय आहे. दोन्ही रूपं टाकून बघायची.

शोधपेटीत टाकायचे शब्द: ‘कासेते’ म्हणजे कॅसेट, ‘प्लोक्श्तेले’ म्हणजे तबकडी, ‘शोक्यू मुझिका’ म्हणजे नाचाचं संगीत, ‘सेनोस दाइनोस’ म्हणजे जुनी गाणी, ‘एस्त्रादा’ म्हणजे सोव्हिएत काळातलं मंचीय पॉप. ऑनलाइन भाषांतरात हे मराठी अर्थ टाकलेत की त्यांची मूळ अक्षरं मिळतील, तीच चिकटवा. एक खाचखळगा आहे. नव्वदच्या दशकाला तिथे गंभीर लेखनात ‘दहावं दशक’ म्हणतात, विसाव्या शतकाचं दहावं. ‘देशिमतास देशिमत्मेतिस’. यातही ‘दश’ ऐकू येतं ना? मी पहिलं वर्षभर नव्वदचा आकडा टाकून शोधत होतो आणि मासिकांमधले उत्तम लेख माझ्या नजरेआड जात होते.

आता नावं. मोठ्या नावांनी वाट संपते असं वर म्हटलं, पण वाट सुरूही तिथूनच होते. फोये हा गट 1983 मध्ये व्हिल्नियसला निघाला, आन्द्रियुस मामोन्तोवास त्याचा गायक. सिंथ आणि गिटार यांचं उदास मिश्रण. 1997 मध्ये विंगिस बागेत त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला. यांच्यापासून सुरुवात करा म्हणजे त्या पिढीची चाल कानात बसेल. काउनासचा आन्तिस, म्हणजे ‘बदक’, हा वास्तुविशारद आल्गिर्दास काउशपेदास यांचा गट. 1987 ते 1989 मध्ये देशभर फिरलेल्या ‘रॉक मोर्चां’चा, म्हणजे गावोगावच्या रॉक मैफलींचा, तो चेहरा होता. श्याउलेइचा बिक्स जास्त दणकेबाज. हे तिघे नाचगाण्यांचे नव्हेत, पण नव्वदीत जे नाचले ते यांच्याच मैफलींत उभे राहून मोठे झाले.

खरा नाच हवा असेल तर एगिदियुस द्रागूनास यांचा ‘सेल’ ऐका. इलेक्ट्रॉनिक ठेका, वर अर्धवट बोललेलं गाणं, आणि रस्त्यावरची भाषा. इगोरिस कोफास यांचा ‘लेमन जॉय’ जास्त गुळगुळीत. जोर्दाना बुत्कुते म्हणजे लग्नमंडपापासून टीव्हीपर्यंत सगळीकडे पोचलेला आवाज. अभिजन रसिक नाक मुरडतील, पण तिच्या काळच्या कॅसेटांचे कागद वाचा. अरेंजरांची नावं तिथूनच फुटतात. ‘स्काम्प’ 1998 चा, म्हणजे दशकाच्या अगदी शेपटाला. त्यांनी 2001 मध्ये युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेत देशाचं प्रतिनिधित्व केलं, आणि तोवर आवाज इतका चकचकीत झाला होता की माझा रस तिथे संपतो.

युरोव्हिजनचा उल्लेख आलाच आहे तर एक किस्सा सांगायला हवा. लिथुएनिया पहिल्यांदा 1994 मध्ये तिथे गेला. ओविदियुस विश्न्याउस्कास गायले आणि शून्य गुण घेऊन शेवटचे आले. देश पाच वर्षं परत गेला नाही. 1999 मध्ये गेला तेव्हा आइस्ते स्मिल्गेविचूते यांनी प्रमाण लिथुएनियनमध्ये नव्हे, झेमाइतिया या पश्चिमेकडच्या प्रांताच्या बोलीत गाणं म्हटलं. कोकणातल्या कुणी मालवणीत गावं तसं. चाल लिनास रिम्शा यांची. मला हे गाणं आवडतं ते वेगळं, पण रिम्शा हे नाव पकडून ठेवा. जॅझ, इलेक्ट्रॉनिक, पॉप सगळीकडे फिरणारा माणूस. अशा एका नावामागे गेलं की चार वेगवेगळ्या कपाटांची दारं उघडतात.

थोडं मागे जाऊन दोन सोव्हिएतकालीन तबकड्या ऐकल्याच पाहिजेत, कारण नव्वदीच्या कीबोर्डवाल्यांचे धडे तिथे आहेत. तेइसुतिस माकाचिनास यांची 1982 ची ‘डिस्को संगीत’ याच सरळ नावाची तबकडी, आणि गिएद्रियुस कुप्रेविचियुस यांच्या ‘आर्गो’ गटाची 1980 ची ‘डिस्कोफोनिया’. दोन्ही मेलोदियाच्या. माकाचिनास शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेले संगीतकार, आणि कुप्रेविचियुस तर काउनासच्या मनोऱ्यावरच्या घंटांचे वादक. शंभर किलोंच्या घंटा वाजवणारा हात सिंथेसायझरवर आला की काय होतं ते ऐकण्यासारखं आहे. या तबकड्या आता परदेशी डीजेंनी महाग करून ठेवल्या आहेत. उतरवलेल्या रूपात ऐका आणि पैसे कॅसेटांसाठी राखा.

मेलोदियाची तबकडी कधी हातात आलीच तर तिचा क्रमांक वाचता यायला हवा. सिरिलिक ‘स’ म्हणजे स्टिरिओ. पुढचा पहिला आकडा प्रकाराचा, 6 असेल तर एस्त्रादा. दुसरा आकडा आकाराचा, 0 म्हणजे मोठी बारा इंची. म्हणून स60 दिसलं की पुढे बघायचं, स10 दिसलं की ती सिम्फनी, खाली ठेवायची. मलपृष्ठावर लिथुएनियन आणि रशियन दोन्ही असतं, त्यामुळे एकच तबकडी सूच्यांमध्ये दोन नावांनी नोंदलेली आढळते. सिरिलिक अक्षरांतूनही एकदा शोध घ्या.

जागांबद्दल फार बोलत नाही, त्या सहज सापडतात. डिस्कॉग्स या तबकड्या-कॅसेटांच्या ऑनलाइन सूचीवर देश ‘लिथुएनिया’ आणि दशक नव्वदी असं गाळून घ्या, पण 1991 आधीचं सगळं ‘यूएसएसआर’खाली आहे हे विसरू नका. म्युझिक डॉट एलटी या तिथल्या संकेतस्थळावर गटांची पानं आहेत. एकदोन कॅसेटा काढून विरून गेलेले गटही तिथे भेटतात. राष्ट्रीय प्रसारक एलआरटीच्या मेदियातेकावर, म्हणजे ऑनलाइन संग्रहावर, जुने कार्यक्रम बघता येतात. व्हिल्नियसच्या मार्तिनास माझ्विदास राष्ट्रीय ग्रंथालयाच्या सूचीत छापील कॅसेटांच्या नोंदी सापडतात. ध्वनी नाही मिळाला तरी अस्तित्वाचा पुरावा मिळतो, आणि कधीकधी तेवढाच हवा असतो. कंपन्यांमध्ये ‘बोम्बा’, ‘झोना’ आणि ‘कोया’ ही तीन नावं शोधा. मोठं पीक त्यांच्याकडचं.

विकत घ्यायचं तर ‘स्केल्ब्यू’ या तिथल्या जाहिरातींच्या स्थळावर कॅसेटा किलोने विकल्यासारख्या खोक्याने मिळतात. मी खोकंच घेतो. नावाजलेल्या एका कॅसेटसाठी भाव करण्यापेक्षा चाळीस अनोळखी कॅसेटांत दोन रत्नं सापडण्याची शक्यता जास्त. एका विक्रेत्याने मला ‘कधीच न वाजवलेली’ म्हणून विकलेल्या कॅसेटमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचं रेकॉर्डिंग निघालं होतं. पैसे परत नाही मिळाले. पण त्या रेकॉर्डिंगच्या मागे रेडिओ चालू होता, त्यावर एक गाणं वाजत होतं, आणि ते गाणं मी आजही शोधतो आहे.

कॅसेट आल्यावर लगेच वाजवू नका. आधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. पट्टी कित्येक वर्षं एकाच ताणात गुंडाळलेली असते. आतली दाबगादी, म्हणजे पट्टीला हेडवर दाबून धरणारा छोटा तुकडा, सुटलेली असेल तर दुसऱ्या कॅसेटच्या सांगाड्यात पट्टी बदलून घ्या. मग हेडचा, म्हणजे यंत्रातल्या पट्टी वाचणाऱ्या भागाचा, कोन: छोट्या स्क्रूने, कानाने, झांजांचा आवाज सगळ्यात उजळ होईपर्यंत. हे न करता उतरवलेल्या गाण्यांवर लोक ‘नव्वदीचा मऊ आवाज’ म्हणून प्रेम करतात. तो मऊपणा बहुतेक वेळा वाकड्या हेडचा असतो. सोव्हिएत बनावटीची एमके-60 ही कोरी कॅसेट वापरलेली असेल तर फार अपेक्षा ठेवू नका. वेग तपासायला एक युक्ती आहे. तिथलीही वीज आपल्यासारखीच 50 हर्ट्झची. दोन गाण्यांमधल्या शांततेत मूळ रेकॉर्डिंगमधली वायरिंगची गुणगुण सापडली तर ती मोजा. 51 भरली तर तुमचं यंत्र दोन टक्के जलद चाललंय. तुमच्या स्वतःच्या यंत्राची गुणगुण मात्र नेहमी 50 च भरेल, दोन्हींत घोळ करू नका. कॅसेट थांबवून ऐका, जी उरते ती तुमची.

आणि माणसांना लिहा. यातले बरेचजण हयात आहेत, पन्नाशी-साठीत आहेत, कुणी संगीतशिक्षक, कुणी लग्नांना वाजवतात. पत्र लिथुएनियनमध्ये लिहा, भाषांतरयंत्राचं चालेल, पण संबोधन नीट करा. तिथेही आपल्यासारखी संबोधनाची वेगळी विभक्ती आहे: ‘योनास’ला हाक मारताना ‘योनाइ’ म्हणायचं. आणि एकेरी नको, ‘यूस’ हे आदरार्थी रूप वापरा. एवढं केलंत तर उत्तर येतं. एका अरेंजरने मला तळघरातल्या खोक्याचे फोटो पाठवले होते आणि खाली लिहिलं होतं की भारतातून कुणी विचारेल असं बायकोला सांगितलं असतं तर ती हसली असती. परवानगीशिवाय त्यांचं काही चढवू नका. विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात.

तुमच्या तुकड्याचं आता असं करा. शेवटच्या दोन-तीन सेकंदांवर थांबून एकेक चौकट पुढे सरका. त्या काळच्या संगीत-कार्यक्रमांत गाण्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी डाव्या खालच्या बाजूला नावाची पट्टी येत असे, आणि व्हीएचएसच्या कापाकापीत तिची अर्धी चौकट पुष्कळदा राहून जाते. आडनावाचा नुसता शेवट दिसला तरी चालेल. ‘आइते’ आहे की ‘इएने’, आणि खाली दुसरी ओळ आहे का तेवढं बघा. दुसरी ओळ असली तर ती आधी वाचा. तिचा फोटो इथे टाका, माझ्या वहीतल्या नावांशी ताडून बघतो.